सकाळची दहा मिनिटं

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सलग पाच दिवस माझं पोट साफ झालं नाही. डोकं दुखतं हे आपण चारचौघींत सांगतो, गुडघे दुखतात हेही सांगतो. हे दुखणं मात्र नवऱ्यालासुद्धा आडून आडून सांगावं लागतं. मीही महिनाभर कोणाजवळ बोलले नाही. शेवटी स्टाफरूममध्ये विषय काढला, तेव्हा तिथे बसलेल्या सात जणींपैकी चौघी लगेच म्हणाल्या, "बाई, माझंही असंच होऊन राहिलं." त्या चौघींसाठी आणि त्यांच्यासारख्या इतरांसाठी हे सगळं जसं घडलं तसं लिहिते आहे.

मी 42 वर्षांची, दक्षिण नागपुरातल्या एका शाळेत प्राथमिकच्या मुलांना शिकवते. एप्रिल लागला की उन्हामुळे शाळा सकाळची होते. सातला प्रार्थना. म्हणजे पावणेपाचला उठायचं, दोन डबे, मुलीची वेणी, सासूबाईंचा चहा, आणि साडेसहाला गाडी काढायची. फेब्रुवारीच्या शेवटी रक्त तपासलं तेव्हा हिमोग्लोबिन 9.2 निघालं, म्हणून लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या होत्या. एकीकडे गोळ्या, दुसरीकडे सकाळची शाळा, आणि त्यात 43-44 अंशांचं ऊन. तिन्ही एकाच वेळी अंगावर आलं, पण तेव्हा मला त्यांचा एकमेकांशी काही संबंध आहे असं वाटलंच नाही.

पाण्याचं सांगते, कारण माझ्या मते मुळाशी तेच आहे. शाळेत बायकांसाठी एकच संडास. त्याची आतली कडी तुटलेली, दहा वाजेपर्यंत टाकीतलं पाणी संपलेलं. आत जायचं तर एकीनं बाहेर उभं राहायचं. त्यामुळे आम्ही सगळ्या जणी पाणीच पीत नव्हतो. मी अर्ध्या लिटरची बाटली भरून न्यायचे आणि दुपारी साडेबाराला घरी आले की ती अर्धी भरलेलीच असायची. पाच-सहा तास वर्गात ओरडून शिकवायचं, घामानं ब्लाउज भिजायचा आणि घशाखाली जायचे जेमतेम चार-सहा घोट. हे मी वर्षानुवर्षं केलं. नोकरी करणाऱ्या कितीतरी बायका करतात. इतवारीतल्या कपड्याच्या दुकानांत उभ्या राहणाऱ्या मुलींना विचारा, त्याही हेच सांगतील.

आणि ती सकाळची हाक. सव्वासहाच्या सुमाराला, पोळ्या लाटता लाटता, पोटात एकदा हलकीशी कळ यायची. मला ती नीट कळायची. पण तव्यावर पोळी, गॅसवर भाजी, मुलगी मोजे शोधते आहे, घड्याळ पुढे पळतं आहे. मी म्हणायचे, आल्यावर पाहू. दोन-तीन मिनिटांत ती कळ जायची. दुपारी आल्यावर जाऊन बसले तर काही नाही. मग कुंथायचं. कुंथून कुंथून कपाळाच्या शिरा फुगायच्या आणि हाती यायच्या शेळीच्या लेंड्यांसारख्या चार गाठी. पोट मात्र तसंच जड. भूक मेली, तोंडाला चव नाही, संध्याकाळपर्यंत पोट फुगून साडीची गाठ सैल करावी लागायची. चिडचिड वाढली. वर्गातल्या एका मुलावर मी विनाकारण ओरडले. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

शेजारच्या काकूंनी एक चूर्ण दिलं. रात्री एक चमचा कोमट पाण्याबरोबर. पहिल्या दिवशी अगदी स्वच्छ पोट झालं, मला वाटलं सुटले. पाच-सहा दिवस रोज घेतलं. मग एके दिवशी तिसऱ्या तासाला, फळ्यावर लिहिताना, पोटात असा पीळ पडला की खडू हातातून सुटला. त्या तुटक्या कडीच्या संडासात, बाहेर एका मदतनीस बाईंना उभं करून, मी घामाघूम होऊन बसले होते. घरी येऊन डबी उलटून पाहिली, तर त्यात पहिलंच नाव सोनामुखीचं. सोनामुखी आतड्याला ढोसते, आतडं जोरानं आकुंचन पावतं, म्हणून सहा ते बारा तासांत पोट होतं आणि म्हणूनच मुरडाही येतो. एखाद वेळेस चालतं. रोज घेतलं तर शरीरातलं पाणी आणि क्षार जातात. शिवाय पोट आपलं आपण साफ होतं आहे की चूर्णानं, हेच कळेनासं होतं. झाडपाल्याचं म्हणजे निर्धोक, हा माझा समज त्या तिसऱ्या तासाला गेला.

दुसरी चूक मी लगेच पुढच्या आठवड्यात केली. चूर्ण बंद केलं आणि ठरवलं की आता चोथा खायचा. एका दिवसात सगळं बदललं: कोंडा न चाळलेल्या पोळ्या, दोन वेळा कच्ची काकडी-गाजर, आणि रात्री दोन मोठे चमचे इसबगोल अर्ध्या कप पाण्यात. पाणी मात्र पूर्वीइतकंच. तीन दिवसांत पोट ढोलासारखं झालं. त्यातून जे बाहेर आलं ते इतकं कडक होतं की बसल्या बसल्या डोळ्यांत पाणी आलं, आणि कागदावर लाल रेघ दिसली.

रक्त दिसल्यावर मात्र मी थांबले नाही. त्याच संध्याकाळी आमच्या नेहमीच्या डॉक्टर बाईंकडे गेले. तुम्हीही थांबू नका.

त्यांनी तपासलं. कडक मळामुळे बारीकशी चीर पडली होती, मूळव्याध नव्हती. थायरॉइडची तपासणी करायला सांगितली, ती पुढे नीट आली. मग त्यांनी माझ्या गोळ्यांची यादी पाहिली, आणि माझी सकाळ पावणेपाचपासून साडेसहापर्यंत मिनिटामिनिटानं विचारली. मला आश्चर्य वाटलं, इतकी वर्षं कोणत्याही डॉक्टरनं माझी सकाळ विचारली नव्हती.

"मोठ्या आतड्यात रोज साधारण दीड लिटर पातळ भाग येतो," त्या म्हणाल्या. "त्यातलं बहुतेक पाणी आतडं शोषून घेतं. मळ जितका जास्त वेळ आत पडून राहील, तितकं जास्त पाणी शोषलं जाणार आणि तो तितका कडक होणार. सव्वासहाला तुम्ही थांबवता, म्हणजे तो दुपारपर्यंत आत सुकतो. त्यात पाणी कमी, घाम जास्त आणि लोहाची गोळी. आणि वरून तुम्ही कोरडा कोंडा घातलात."

इसबगोलाबद्दल त्यांनी टेबलावरच्या ग्लासात प्रयोग करून दाखवला. एक चमचा इसबगोल, वर पाणी. आम्ही बोलत होतो तेवढ्यात ते फुगून जेलीसारखं झालं, चमचा उभा राहील इतकं. "हे पाणी तुम्ही दिलं नाहीत तर ते कुठून घेणार?" त्या म्हणाल्या. इसबगोल मोठ्या ग्लासभर पाण्यात कालवून लगेच प्यायचं आणि वर आणखी एक ग्लास पाणी. कोरडं तोंडात टाकायचं नाही, घशात अडकू शकतं. आणि इतर औषधं व इसबगोल यांच्यात दोन तासांचं अंतर, नाहीतर ते औषध शोषलं जात नाही. लोहाची गोळी त्यांनी एक दिवसाआड करून दिली. ती मी मनानं बदलली नव्हती ते बरं झालं, कारण हिमोग्लोबिनही वाढायलाच हवं होतं. गोळी दुपारी चारला लिंबाच्या सरबताबरोबर, चहापासून दूर, असं ठरलं. लागलंच तर म्हणून एक पातळ औषध लिहून दिलं. ते मी आणून ठेवलं, दोनदाच वापरलं.

मी निघताना त्यांनी जे सांगितलं ते मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं आहे: वजन आपोआप उतरणं, मळाबरोबर रक्त येत राहणं, डांबरासारखा काळा चिकट मळ, पोट फुगून वारासुद्धा न सरणं, उलट्या, किंवा पन्नाशीनंतर अचानक सवय बदलणं, यातलं काहीही असेल तर घरचे उपाय करत बसायचं नाही. लोहाच्या गोळ्यांनी मळ नुसता काळपट-हिरवट दिसतो, त्याला घाबरायचं कारण नाही.

चिरेसाठी रोज दोन वेळा टबात कोमट पाणी घेऊन दहा-पंधरा मिनिटं बसायला सांगितलं होतं. नागपुरात एप्रिलच्या दुपारी पाणी तापवावं लागत नाही, गच्चीवरच्या टाकीतून नळाला येतं तेच कढत असतं. उलट मला बादलीभर आधी काढून निववावं लागायचं. आठवड्याभरात दुखणं थांबलं.

घरी आल्यावर सासूबाईंना सगळं सांगितलं. त्या काटोलकडच्या, आयुष्यभर शेतात राबलेल्या, 74 वर्षांच्या. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "हाक आली का उठा लागते बाई. चुलीवरचं जयलं तरी चालन." डॉक्टर बाईंनी मला अर्धा तास खर्चून जे समजावलं, ते आईंनी तेवढ्या दोन वाक्यांत सांगितलं. आणि दुसऱ्या दिवसापासून सव्वासहा वाजता त्या स्वतः ओट्याजवळ येऊन माझ्या हातातलं लाटणं काढून घेऊ लागल्या. "जाय तू." पहिले दोन दिवस मला फार संकोच वाटला. त्यांचे गुडघे दुखतात, उभं राहवत नाही. मग आम्ही जमिनीवर पोळपाट मांडला आणि त्या बसून लाटायला लागल्या. माझ्या सगळ्या उपायांमध्ये पहिला नंबर मी याला देते.

आता त्या दहा मिनिटांचं. काही खाल्लं-प्यायलं की पोटाच्या ताणानं मोठं आतडं हलायला लागतं, आणि सकाळच्या वेळी ही हालचाल सगळ्यात जोरकस असते. म्हणून उठल्यावर दोन ग्लास पाणी, मग थोडं खाणं, आणि त्यानंतर वीस-पंचवीस मिनिटांनी जाऊन बसायचं, हाक आली असो वा नसो. दहा मिनिटं बसायचं, जोर लावायचा नाही, मोबाइल आत न्यायचा नाही. झालं तर झालं, नाही झालं तर उठून यायचं. रोज त्याच वेळी. माझी वेळ सहा वाजून दहा. त्यासाठी मी गजर वीस मिनिटं मागे घेतला आणि भाजी रात्रीच चिरून ठेवायला लागले.

बसायची पद्धतही बदलली. आम्ही तीन वर्षांपूर्वी महालातलं जुनं घर सोडून बेसा भागात फ्लॅटमध्ये आलो. तिथे उकिडवं बसायचा देशी संडास होता, इथे दोन्हीकडे कमोड. उकिडवं बसलं की गुदाशयाच्या खालच्या टोकाला फास घालून बसलेला स्नायू सैल पडतो आणि वाट सरळ होते. कमोडवर पाय लोंबकळत बसलं की तो पूर्ण सैल होत नाही, म्हणून जोर लावावा लागतो. मी मुलीचा अंघोळीचा प्लास्टिकचा स्टूल, वीतभर उंचीचा, पायांखाली घेतला. गुडघे कमरेच्या वर आले, थोडं पुढे वाकून कोपरं मांड्यांवर ठेवली. पहिल्याच दिवशी फरक कळला. शंभर रुपयांत मिळणारी वस्तू आहे, आणि ज्यांच्या घरी वयस्कर माणसं आहेत त्यांनी ती आजच आणावी असं मला मनापासून वाटतं. फक्त खालचे रबर पाहून घ्या, ओल्या फरशीवर सरकता कामा नये.

खाण्यात मी काही विकतचं आणलं नाही. आमच्या विदर्भातच सगळं आहे, आपण ते खाणं सोडलंय एवढंच. आम्ही दोन्ही वेळ भात खायचो, पॉलिश केलेला पांढरा तांदूळ. त्यात चोथा शंभर ग्रॅमला तीन ग्रॅमसुद्धा नाही. ज्वारीत दहाच्या आसपास आहे. मोठ्या माणसाला दिवसाला निदान 25 ग्रॅम चोथा लागतो, आणि माझं साधं गणित मांडलं तर मी बारा-तेरावर अडकले होते. रात्रीचा भात काढून भाकर आणली. दोन दिवसांनी एकेक गोष्ट वाढवत गेले, सगळं एकदम नाही. पहिल्या चुकीतून तेवढं शिकले होते.

एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे बाजारात चिवळ येते. खेड्यांतून येणाऱ्या बाया पोत्यावर तिचे हिरवे ढीग लावून बसतात. बारीक बारीक पानं, तांबूस काड्या, मुळाशी माती. निवडायला जिवावर येतं, म्हणून तरुण सुना घेत नाहीत. मी आणि आई संध्याकाळी कूलरसमोर बसून निवडायचो. मुळं खुडायची, मग मोठ्या गंजात चार-पाच पाणी बदलून धुवायची. शेवटच्या पाण्यात बोट फिरवून तळाशी रेती लागत नाही ना ते पाहायचं. तेलात भरपूर लसूण लाल करायचा, सुकी मिरची, भिजवलेली मुगाची डाळ, वर चिवळ. झाकण ठेवलं की पाच मिनिटांत गंजभर भाजी मूठभर होते. चव किंचित आंबट, आणि शिजल्यावर जरा बुळबुळीत. तो बुळबुळीतपणाच पोटाला मऊपणा देतो, असं आई म्हणतात. गरम भाकर, चिवळ आणि कांदा. हे खाऊन मला उन्हाळ्यातही हलकं वाटलं.

दुसरी जवसाची चटणी. जवस कोरडी भाजताना तडतडायला लागली आणि एखाददुसरा दाणा कढईबाहेर उडाला की गॅस बंद करायचा. पुढे गेली की कडू होते. सुकी लाल मिरची, लसूण, जिरं, मीठ घालून मिक्सरमधून जाडसर काढायची. जवस वाटूनच खायची, कारण अख्खी खाल्ली तर दाणे जसेच्या तसे बाहेर पडतात. रोज एक मोठा चमचा, वर कच्चं तेल. सोबत पाणी हवंच, कारण जवसही इसबगोलासारखीच पाणी ओढते.

रात्री वाटीत दहा-बारा काळ्या मनुका भिजत घालायच्या, सकाळी त्या चावून खायच्या आणि तेच पाणी प्यायचं. दुपारी पपई. संत्र्याचा मृग बहार तोवर संपत आला होता, तरी काटोलहून दिराने शेवटची पाटी पाठवली. मी पूर्वी फोडींवरचे पांढरे धागे सोलून टाकायचे आणि मुलीला रस काढून द्यायचे. आता धाग्यांसकट खातो. रसात चोथा राहतच नाही. आईंनी पोळीच्या कणकेत एरंडेलाचं मोहन घालायचं सुचवलं, त्यांच्या घरी महिन्यातून एकदा करत. डॉक्टर बाईंना फोनवर विचारलं, त्या म्हणाल्या की क्वचित ठीक, सवय नको. आम्ही केलंच नाही.

पाण्याचा मात्र हट्ट धरला. माठात वाळा टाकला, ओट्यावर एक लिटरची तांब्याची बाटली ठेवली, आणि दिवसभरात तीन बाटल्या संपवायच्या असं ठरवलं. ताकही धरलं त्यात. उन्हाच्या दिवसात लघवी गडद पिवळी होत असेल तर पाणी कमी पडतंय, एवढी साधी खूण ठेवली. ज्यांना हृदयाचा किंवा किडनीचा आजार आहे त्यांनी किती पाणी प्यायचं हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.

संध्याकाळी ऊन उतरलं की साडेसातला वीस-पंचवीस मिनिटं चालायचे. सोसायटीच्या आवारातच, कारण रस्त्यावर गरम वाफा यायच्या.

वहीत रोज एक ओळ लिहायचे: वेळ, कसं झालं, किती पाणी. मळाच्या घट्टपणाचे सात प्रकार दाखवणारा एक तक्ता आहे, ब्रिस्टल तक्ता म्हणतात, 1997 मध्ये इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरातल्या डॉक्टरांनी तो मांडला. पहिला प्रकार म्हणजे सुट्या कडक गाठी, चौथा म्हणजे केळ्यासारखा मऊ आणि अखंड, सातवा निव्वळ पाणी. डॉक्टर बाईंनी तो दाखवला होता. मला त्याचा उपयोग असा झाला की लाजिरवाणं वर्णन करत बसावं लागलं नाही, वहीत नुसता आकडा लिहायचा. माझ्या पहिल्या आठवड्यातले आकडे: एक, शून्य, शून्य, दोन, शून्य, एक, दोन. शून्य म्हणजे झालंच नाही.

दहाव्या दिवशी तीन. मी बाहेर आले तेव्हा आई पोळी शेकत होत्या. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, काही विचारलं नाही, आणि चहाचा कप पुढे केला. तेव्हा मला रडू आलं. पोट साफ झालं म्हणून रडू येतं हे ज्यांनी भोगलं नाही त्यांना समजणार नाही.

त्यानंतर रोज झालं असं नाही. एक दिवसाआड झालं, कधी दोन दिवसांनी. रोज झालंच पाहिजे हा आग्रहही डॉक्टर बाईंनी सोडायला लावला होता. दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, इथपर्यंत सगळं सामान्य. त्रास न होता, अडकल्यासारखं न वाटता व्हावं, एवढंच पाहायचं. मला हे ऐकून फार हायसं वाटलं होतं, कारण माझी अर्धी भीती "आज नाही झालं" याचीच होती, आणि त्या भीतीनं मी पुन्हा चूर्णाच्या डबीकडे हात नेला असता.

मेमध्ये सुट्ट्या लागल्या. नवतपाच्या दिवसांत भावाच्या घरचं लग्न होतं, वर्ध्याला. तीन दिवस मुक्काम, एका हॉलमध्ये साठ माणसं, चार संडास. सकाळी रांग. जेवणात मसालेभात, पुऱ्या, बासुंदी. पाणी प्यायला फुरसत नाही. वहीत तीन दिवस शून्य, चौथ्या दिवशी एक, आणि पुन्हा तीच कळ. त्या दिवशी पातळ औषधाचा एक डोस घेतला. घरी परतल्यावर दोन ग्लास पाणी, मनुका, स्टूल, सहा दहा, हे सगळं पुन्हा पहिल्यापासून. या वेळी चार दिवसांत गाडी रुळावर आली. शरीरानं वेळ लक्षात ठेवली होती बहुतेक.

खरी धाकधूक जूनच्या शेवटी होती, शाळा उघडताना. घरची सकाळ मी बदलली होती, शाळेतला तो संडास तसाच होता. पहिल्याच आठवड्यात आम्ही सात जणींनी मिळून मोठ्या बाईंची भेट घेतली. मी बोलले. आयुष्यात पहिल्यांदा मी ऑफिसात उभी राहून "संडास" हा शब्द स्पष्ट उच्चारला. मोठ्या बाई ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, "मीही दहा वर्षं इथं पाणी पीत नाही." त्यांच्या टेबलावरची भरलेली बाटली आम्ही सगळ्यांनी पाहिली.

कडी आम्हीच वर्गणी काढून बसवली, एका दुपारी सुताराला बोलावून. पाण्यासाठी झाकणाचा मोठा ड्रम ठेवला, तो शिपाई मामा सकाळीच भरून ठेवतात. वाळत घातलेल्या फडक्यासाठी खिळा, साबणाची वडी. मधल्या सुट्टीत आता बाहेर कोणाला उभं राहावं लागत नाही. पाचवीच्या मुलींच्या संडासाचीही तीच गत होती, तिथली कडी पुढच्या आठवड्यात लागली.

परवा रक्त पुन्हा तपासलं, हिमोग्लोबिन 11.4 आलं. गोळ्या अजून दोन महिने घ्यायच्या आहेत. माझी अर्ध्या लिटरची बाटली मी मुलीला देऊन टाकली आणि स्वतःसाठी एक लिटरची घेतली. मधल्या सुट्टीत ती रिकामी होते, मग ड्रमशेजारच्या फिल्टरवर पुन्हा भरते. सकाळी सहा दहाला आई अजूनही लाटणं मागायला येतात, आणि मी देते.